अरबी विद्येचा मराठी उपासक : पंडित जगन्नाथ सम्राट

ज्ञानाला जात नसते, धर्म नसतो, असे आपण सभासमारंभांतून नेहमी ऐकतो. परंतु हे तत्त्व ज्यांनी प्रत्यक्ष आचरणात आणले अशी माणसे विरळाच. अठराव्या शतकातील पंडित जगन्नाथ सम्राट हे त्यांपैकी एक होत.

जगन्नाथांचे घराणे मूळचे महाराष्ट्रातील. वडिलांचे नाव गणेश, आजोबांचे विठ्ठल. वेदाध्ययन हा घरचा वारसा. आमेरचे राजे सवाई जयसिंह (१६८८-१७४३) यांच्या दरबारात त्यांना गुरूचा मान होता. जयसिंहांना खगोलशास्त्राची विलक्षण ओढ. जुन्या सारण्यांवरून काढलेली ग्रहांची स्थाने प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले होते. ही तफावत दूर करावयाची तर मराघा व समरकंद येथील वेधशाळांत झालेले कार्य समजून घेणे अगत्याचे होते. आणि ते सारे अरबी-फारसी ग्रंथांत होते. राजाच्या सूचनेवरून जगन्नाथांनी या दोन्ही भाषा शिकून घेतल्या. संस्कृतात पारंगत असलेल्या पंडिताने पुन्हा अलिफ-बे पासून प्रारंभ करावा, ही गोष्ट सामान्य नव्हे.

त्यांनी अभ्यासासाठी निवडला तो नसीरुद्दीन तुसी (१२०१-१२७४). मराघ्याची वेधशाळा याच विद्वानाच्या देखरेखीखाली १२५९ मध्ये उभारली जाऊ लागली. ग्रीक पंडित युक्लिड याचा भूमितीचा ग्रंथ बगदादच्या विद्वानांनी अरबीत आणला होता. तुसीने त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीच जगन्नाथांनी 'रेखागणित' या नावाने संस्कृतात उतरविली. या ग्रंथात १५ अध्याय व ४७८ सिद्धांत आहेत. आपल्याकडे भूमितीचे नियम होते, त्यांच्या उपपत्तीही होत्या. परंतु मोजक्या गृहीतकांपासून पायरीपायरीने सिद्धांत रचीत जाण्याची ही पद्धती संस्कृतात प्रथमच एवढ्या विस्ताराने आली. गंमत अशी की, सिद्धांताला त्यांनी 'शकल' हा शब्द योजिला. आकृती या अर्थाचा अरबी 'शक्ल' तो हाच! उर्दू बोलणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी तो रोज असतो.

पुढे १७३२ मध्ये त्यांनी टॉलेमीच्या ग्रंथाची तुसीकृत अरबी आवृत्ती संस्कृतात आणली. हाच 'सम्राट सिद्धांत'. मूळ ग्रंथ अरबी असून त्याचे नाव मिजास्ती आहे, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. केवळ भाषांतरावर न थांबता यंत्रांचे वर्णन व जयसिंहांच्या काळातील नवे वेधही त्यांनी त्यात घातले.

त्या दरबारात हे कार्य एकट्याचे नव्हते. १७२९ मध्ये तुसीच्या दुसऱ्या एका ग्रंथातील प्रकरण मुहम्मद आबिद यांनी समजावून सांगितले आणि नयनसुख उपाध्याय यांनी ते संस्कृतात लिहिले. दिल्ली, जयपूर, मथुरा, उज्जैन आणि वाराणसी येथे वेधशाळा उभ्या राहिल्या. नव्या सारण्यांचा फारसी ग्रंथ बादशहा मुहम्मदशहाच्या नावाने प्रसिद्ध झाला. जगन्नाथांचे 'रेखागणित' मात्र मुद्रित होण्यास १९०१-०२ साल उजाडावे लागले. ते मुंबईहून दोन खंडांत निघाले.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील अनेक मुलांच्या कानांवर घरी उर्दू, बाजारात मराठी, मक्तबात अरबी आणि शाळेत हिंदी-इंग्रजी पडते. इतक्या भाषा कशाला, असा त्रासिक प्रश्न पालकही करतात. मराठी आपली नव्हे म्हणून तिच्यात कच्चे राहणारे विद्यार्थी आहेत, तसेच अरबी ही केवळ मुसलमानांची, असे मानणारे सुशिक्षितही आहेत. दोघांचेही नुकसानच होते. जगन्नाथांनी अरबी शिकताना आपले वेदाध्ययन टाकले नाही, की संस्कृताचा अभिमान सोडला नाही. त्यांच्या घरात एक दालन अधिक झाले, इतकेच. आपल्या मुलामुलींना अशी चार-पाच दालने बालपणीच लाभली आहेत. ती बंद पडू न देणे हे आपणा शिक्षक-पालकांचे काम आहे.