कसोटीवीर विनू मंकड

आमच्या गावाकडे क्रिकेट म्हणजे टेनिसचा चेंडू, सोयाबीन निघून गेल्यावर मोकळे झालेले शिवार आणि कुणीतरी पुढाऱ्याने ठेवलेले पहिले बक्षीस. आमचे गाव नांदेड जिल्ह्यातले, पण लातूरच्या हद्दीला लागून. माझा थोरला भाऊ तिथला नावाजलेला गोलंदाज. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या एका गावाच्या संघाने त्याला मॅचमागे पाचशे रुपये आणि गाडीचे पेट्रोल देऊ केले. हो म्हणण्याआधी त्याने आपल्या गावच्या पोरांना विचारून पाहिले, की यंदा मला नक्की खेळवणार का. पोरांनी ‘बघू’ एवढ्यावर भागवले. मग तो तिकडून खेळला, आणि नेमके आमच्याच गावाचे तीन गडी त्याने बाद केले. त्या दिवसापासून पारावर त्याला गद्दार हे नाव पडले. आईलासुद्धा पाण्याच्या टाकीवर टोमणे ऐकावे लागले.

मी तेव्हा बारावीला होतो. पुढे लातूरला कॉलेजात आल्यावर ग्रंथालयात क्रिकेटवरचे एक जुने पुस्तक हाती लागले. त्यात विनू मंकड यांच्या १९५२ सालच्या उन्हाळ्याची हकीकत वाचली आणि भाऊ आठवला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. पुस्तकातला माणूस घरातल्या माणसासारखा वाटावा, असे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडले. म्हणून हा लेखप्रपंच.

मंकड यांचे पूर्ण नाव मूळवंतराय हिंमतलाल मंकड. जन्म १२ एप्रिल १९१७ रोजी जामनगर येथे झाला. विनू हे शाळेपासून चिकटलेले नाव, तेच जगाने उचलले. जामनगर ही नवानगर संस्थानची राजधानी. ज्यांच्या नावाने रणजी करंडक खेळला जातो ते रणजितसिंहजी याच संस्थानचे जामसाहेब. त्यांचे पुतणे दुलीपसिंहजी आणि ससेक्स काउंटीचे खेळाडू बर्ट वेन्सली या दोघांनी पोरवयाच्या विनूला घडवले. उजव्या हाताने फलंदाजी, डाव्या हाताने संथ फिरकी. १९३६-३७ साली नवानगरने रणजी करंडक जिंकला, त्या संघात ते होते. पुढच्याच हंगामात लॉर्ड टेनिसन यांचा इंग्लिश संघ आला. त्याच्याविरुद्धच्या पाच अनधिकृत कसोटींत वीस वर्षांच्या या मुलाने फलंदाजीत आणि गोलंदाजीत दोन्हीकडे पहिला मान मिळवला. पण मग महायुद्ध आले आणि उमेदीची वर्षे कसोटीवाचून गेली. पहिली कसोटी खेळायला मिळाली ती १९४६ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. त्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी हजाराच्या वर धावा आणि शंभराच्या वर बळी घेतले. नेमके सांगायचे तर ११२० धावा आणि १२९ बळी.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. त्या काळचा क्रिकेटपटू खात काय होता? संस्थानिकांच्या पदरी असलेल्या खेळाडूला दरबारात काहीतरी नोकरी मिळायची आणि घर चालायचे. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. ज्या १९४८ साली आपला मराठवाडा निजामाच्या जोखडातून सुटला, त्याच साली नवानगरही सौराष्ट्रात सामील झाले. प्रजेच्या दृष्टीने हे उत्तमच झाले, पण राजाच्या आश्रयावर जगणाऱ्या खेळाडूंची मात्र पंचाईत झाली. क्रिकेट मंडळ देत असे तो केवळ भत्ता, पगार नव्हे. मंकड यांच्या रणजी संघांची यादी पाहिली तर नवानगर, महाराष्ट्र, गुजरात, बंगाल, मुंबई, राजस्थान अशी सारखी बदलती नावे दिसतात. कुणी याला चंचलपणा म्हणेल. मला तो पोटासाठी केलेला प्रवास दिसतो. ऊसतोडीला जाणारा माणूस कारखाने बदलतो, त्याला आपण चंचल म्हणत नाही.

ज्याला केवळ क्रिकेटवर घर चालवायचे असेल त्याच्यासाठी तेव्हा एक दार उघडे होते, ते म्हणजे इंग्लंडच्या लॅंकेशायरमधील लीग. कापडगिरण्यांची छोटी छोटी गावे, प्रत्येक गावाचा क्लब आणि शनिवारी अर्धी सुट्टी झाली की दुपारी सामना. नांदेडच्या उस्मानशाही मिलचा भोंगा ज्यांनी ऐकला आहे त्या वडीलधाऱ्यांना हे चित्र लवकर डोळ्यांसमोर येईल. संघातले बाकीचे दहाजण गिरणीत, दुकानात काम करणारे हौशी खेळाडू. अकरावा मात्र पगारी, आणि तोही जगातला कुणी नामवंत. वेस्ट इंडिजचे लिअरी कॉन्स्टंटाइन नेल्सन या गावाकडून असेच अनेक वर्षे खेळले होते. पगारी खेळाडूने शनिवारी सामना जिंकून द्यायचा आणि आठवड्यात संध्याकाळी क्लबच्या पोरांना शिकवायचे. त्याने पन्नास धावा काढल्या की प्रेक्षकांत टोपी फिरे, आणि जमलेली चिल्लर त्याची. आजच्या लिलावातल्या कोट्यवधींपुढे हे हास्यास्पद वाटेल. पण उन्हाळाभराची ठरलेली, लेखी कमाई ही त्या काळच्या भारतीय खेळाडूला दुर्मीळच होती.

आता १९५२ सालाकडे येऊ. त्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ भारतात आला होता. भारताला कसोटी खेळायला लागून वीस वर्षे झाली होती आणि विजय एकही नव्हता. १० फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रासला तो मिळाला. मंकड यांनी पहिल्या डावात ५५ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत ४ गडी बाद केले, आणि भारताने एक डाव व ८ धावांनी सामना जिंकला. पूर्ण मालिकेत त्यांचे बळी ३४. कर्णधार होते आपल्या सांगलीचे विजय हजारे.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडला जायचा होता. हॅस्लिंग्डन या लॅंकेशायरच्या क्लबाकडून मंकड यांना बोलावणे आले होते. त्यांनी मंडळाला विचारले, की दौऱ्यासाठी माझी निवड नक्की असेल तर मी क्लबाला नकार देतो. मंडळाने हमी द्यायचे नाकारले. कुणालाही आधी शब्द द्यायचा नाही, असे धोरण. नियम म्हणून ते बरोबर असेलही. परंतु ज्याने चौतीस बळी घेऊन पहिला विजय मिळवून दिला, त्याची जागा नक्की नाही असे म्हणणे हा नियम झाला की अडवणूक? त्या माणसाला बायकोमुलांचे पाहायचे होते. त्याने हॅस्लिंग्डनशी करार केला. भारताचा संघ दौऱ्यावर निघाला तेव्हा भारताचा सर्वांत मोठा खेळाडू त्यात नव्हता.

जून महिन्यात लीड्सला पहिली कसोटी झाली. पहिल्या डावात वीस वर्षांच्या विजय मांजरेकरांनी १३३ आणि हजाऱ्यांनी ८९ धावा काढून लाज राखली. दुसऱ्या डावात मात्र अघटित घडले. फ्रेड ट्रुमन नावाचा नवा वेगवान गोलंदाज आणि बेडसर यांच्यापुढे भारताचे चार गडी बाद झाले तेव्हा धावफलकावर शून्य होते. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री, मांजरेकर. चारांतली तीन नावे आपली मराठी, त्यामुळे वाचताना मला उगाच वाईट वाटत राहिले. कसोटीच्या इतिहासात अशी सुरुवात दुसरी नाही. हजारे आणि कोल्हापूरचे दत्तू फडकर यांनी शंभरावर भागीदारी केली, पण सामना गेला तो गेलाच.

आणि मग मंडळाला मंकड आठवले. ज्याला साधा शब्द द्यायला नकार दिला होता, त्याला सोडा म्हणून हॅस्लिंग्डनच्या क्लबाकडे रदबदली करावी लागली. क्लबाने उरलेल्या तीन कसोटींसाठी मंकड यांना मोकळे केले. गिरणीकामगारांच्या त्या क्लबाचा मोठेपणा इतिहासात कुणी फारसा सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो. त्यांनी पगार मोजला होता, करार त्यांच्या हातात होता, नाही म्हटले असते तर कुणाला बोलता आले नसते.

१९ जून १९५२. लॉर्ड्स. मंकड यांचा तो उन्हाळा क्लबच्या शनिवारच्या सामन्यांत चाललेला. कसोटीच्या दर्जाची गोलंदाजी कित्येक आठवडे समोर आलेली नाही. तरी ते रॉय यांच्याबरोबर सलामीला गेले, ७२ धावा काढल्या आणि शंभराची सलामी दिली. त्यांच्यामागून बाकीचे कोसळले आणि डाव २३५ वर संपला. मग इंग्लंडने ५३७ धावा केल्या. त्यात मंकड यांनी ७३ षटके टाकली आणि १९६ धावांत ५ गडी बाद केले. शनिवारी इंग्लंडचा डाव संपला आणि मघापर्यंत गोलंदाजी करत असलेला हा पस्तीस वर्षांचा माणूस पॅड बांधून पुन्हा सलामीला उभा राहिला. मधे रविवारची विश्रांती. सोमवारी ते बाद झाले तेव्हा त्यांच्या नावावर १८४ धावा होत्या. हजाऱ्यांबरोबरची भागीदारी २११ धावांची, त्यात हजाऱ्यांच्या धावा पन्नासच्या आत. दोन्ही डाव मिळून भारताच्या ६१३ धावा, पैकी २५६ एकट्या मंकड यांच्या. एवढ्यावर सुटका नाही. इंग्लंडला जिंकायला ७७ धावा हव्या होत्या आणि त्या वसूल होऊ नयेत म्हणून त्यांनी आणखी २४ षटके टाकली, अवघ्या ३५ धावा देऊन.

भारत आठ गडी राखून हरला. तरी त्या सामन्याला आजही मंकडची कसोटी म्हणूनच ओळखतात. लॉर्ड्सच्या शतकांच्या फलकावर आणि पाच बळींच्या फलकावर, दोन्हीकडे त्यांचे नाव आहे. मालिका पुढे आणखी वाईट गेली. मॅंचेस्टरला एका दिवसात भारताचे दोन डाव आटोपले, ५८ आणि ८२. एकट्या माणसाने किती ओढायचे?

त्यानंतरची कारकीर्द थोडक्यात सांगतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीला पाकिस्तानविरुद्ध १३ बळी. तेविसाव्या कसोटीत हजार धावा आणि शंभर बळी पूर्ण. हा विक्रम १९७९ मध्ये बोथमने मोडेपर्यंत टिकला. १९५६ च्या जानेवारीत मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध २३१ धावा, आणि पंकज रॉय यांच्यासह ४१३ धावांची सलामी, जी २००८ पर्यंत जगात अजिंक्य राहिली. पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर ते कसोटीत खेळले. संघाने जिथे पाठवले तिथे गेले, एवढाच याचा अर्थ. ४४ कसोटी, २१०९ धावा, १६२ बळी. १९७३ साली पद्मभूषण मिळाले. २१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव अशोक मंकड हेही भारताकडून २२ कसोटी खेळले.

एवढे करून जगाने त्यांचे नाव कशाला दिले? १९४७ साली सिडनीला चेंडू टाकण्याआधीच क्रीझ सोडून पुढे धावणाऱ्या बिल ब्राउन यांना त्यांनी धावबाद केले. आधीच्या एका सामन्यात ताकीदही दिली होती, आणि खुद्द ब्रॅडमन यांनी मंकड यांचीच बाजू घेतली. तरीही अशा बाद करण्याला ‘मंकडिंग’ हे हिणवणारे नाव पडले ते पडलेच. क्रिकेटच्या कायद्यात ही गोष्ट अनुचित खेळाच्या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात घालायला २०२२ साल उजाडावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्यांना आपल्या सन्मानितांच्या यादीत घेतले. मरणानंतर त्रेचाळीस वर्षांनी.

आज लीग आणि देश यांचा वाद रोज वर्तमानपत्रात असतो. २०२२ मध्ये न्यूझीलंडच्या ट्रेंट बोल्टने मंडळाचा करार सोडून दिला. २०२४ मध्ये आपल्या श्रेयस अय्यर आणि ईशान किशन यांची नावे मंडळाच्या करारातून गळली, तेव्हा त्यांनी रणजी सोडून आयपीएलचाच विचार केला असे लोक बोलले. या सगळ्यांना मंकड यांच्या मापाने मोजावे असे मी म्हणत नाही. आजच्यांपाशी पैसा आधीच असतो. मंकड यांनी मात्र पहिल्यांदा देशालाच विचारले होते, आणि तिथून उत्तर आले नाही म्हणून ते दुसरीकडे गेले. निष्ठा एकाच बाजूने मागायची असते का, हा प्रश्न मला तरी सुटलेला नाही.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा ही सगळी हकीकत भावाला सांगितली. तो सोयाबीनची पोती शिवत होता. करार, मंडळ, क्लब हे सगळे त्याने मान खाली घालून ऐकले. लॉर्ड्सला मंकड यांनी एकूण किती षटके टाकली एवढेच विचारले. मी म्हणालो, सत्त्याण्णव. आमच्या स्पर्धेत एका गोलंदाजाला दोन षटके मिळतात. त्याने मनातल्या मनात हिशेब केला, दाभण पोत्यात तसाच खुपसून ठेवला आणि आपला उजवा खांदा चोळत थोडा वेळ बसून राहिला.