डॉ. होमी भाभा : शास्त्रज्ञ घडविणारा शास्त्रज्ञ

अणुशक्ती म्हटली की डोळ्यांपुढे अणुभट्टीचा घुमट उभा राहतो. ती चालविणारी माणसे कोठून आली, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे निम्मे चरित्र या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईच्या एका सधन पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुलाने इंजिनिअर व्हावे या घरच्यांच्या इच्छेने ते १९२७ साली केंब्रिजला गेले, यंत्रविद्येत पहिला वर्ग मिळविला आणि मग पदार्थविज्ञानाकडे वळले. ते चित्रेही सुरेख काढीत, हे आपण कलाशाखेच्या मंडळींनी विसरू नये! १९३९ साली सुटीत मायदेशी आले असता महायुद्ध पेटले आणि ते येथेच राहिले.

१९४४ साली, हिरोशिमाच्याही आधी, त्यांनी टाटा विश्वस्तांना पत्र लिहिले. दोनेक दशकांत अणूपासून वीज निघू लागेल, तेव्हा भारताला बाहेरून तज्ज्ञ आणावे लागू नयेत, असा त्याचा आशय होता. त्यातून १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली. मुंबईत तिचे पहिले बिऱ्हाड पेडर रोडवरील त्यांच्या जन्मघरीच होते. हिंगण्याच्या झोपडीची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या कर्वेनगरात याचे नवल वाटू नये.

१९५६ साली तुर्भ्याला 'अप्सरा' भट्टी सुरू झाली आणि १९५७ साली भाभांनी तेथे प्रशिक्षण शाळा काढली. रसायन, पदार्थविज्ञान व इंजिनिअरिंगचे पदवीधर तेथे वर्षभर एकत्र शिकत. शिकविणारेही प्रयोगशाळेत काम करणारेच. एकत्र का? युरेनियमचेच पाहा. केरळच्या मोनाझाइट वाळूतून थोरियम काढताना ते थोडे हाती येई. ते नायट्रिक आम्लात विरघळवून, विद्रावकाने शुद्ध करून, शेवटी त्याचा धातू करावयाचा. त्यात दहा लाखांत काही भाग बोरॉन उरले, तरी ते न्यूट्रॉन गिळते आणि धातू भट्टीच्या कामाचा राहत नाही. म्हणजे रसायनज्ञाला न्यूट्रॉन कळला पाहिजे आणि पदार्थवैज्ञानिकाला आम्लाची टाकी! असा शुद्ध धातू तुर्भ्याला जानेवारी १९५९ मध्ये तयार झाला.

हे संशोधन विद्यापीठांतच वाढावे, असे मेघनाद साहांचे मत होते. हुशार मुले तुर्भ्याला गेल्याने विद्यापीठांचे नुकसान झाले, हे आम्हांसही पटते. पण भाभांना थांबायला वेळ नव्हता.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात ते गेले. तारापूरची वीज १९६९ साली आली, ती त्यांनी पाहिली नाही. व्हीजेटीआयमधून पदवी घेऊन त्यांच्या त्या शाळेत दाखल झालेले अनिल काकोडकर २००० साली अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.