अरोराचा प्रकाश, मुंबईची ट्राम आणि अलिबागला गेलेली वेधशाळा

अंतराळ स्थानकातून टिपलेले अरोराचे हिरवे-लाल पडदे तुम्ही रील्समध्ये पाहिले असतील. सौर वादळ आलं की हे पडदे पसरतात आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रही हादरतं. तो हादरा मुंबईत टिपणारा माणूस म्हणजे नानाभाय मूस.

१८५९ साली जन्मलेले मूस एडिंबरामध्ये शिकले. १८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तिथे १८४६ पासून चुंबकीय नोंदी सुरू होत्या. पण शहरात विजेची ट्राम येणार होती आणि तिच्या विद्युतप्रवाहामुळे नोंदी बिघडणार होत्या. मग चुंबकीय वेधशाळाच अलिबागला हलवायचं ठरलं. १९०४ पासून तिथे अचुंबकीय साहित्याच्या इमारतीत मोजमाप सुरू झालं. मूस यांनी १९०६ पर्यंत कुलाब्यातल्या नोंदीही चालू ठेवल्या, त्यामुळे जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळला. १९१० मध्ये त्यांनी सहा दशकांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या जन्मवर्षी आलेलं महावादळ किती तीव्र होतं, हे शास्त्रज्ञांना कुलाब्याच्याच नोंदींतून कळलं. अलिबागची वेधशाळा आजही सुरू आहे. ती चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे आपल्या नवी मुंबईत, नवीन पनवेलला.