मुरळीच्या पत्राला जागा देणारे शिवराम जानबा कांबळे

पातूर तालुक्यात महिलांच्या बैठका घेताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो. देवाला सोडलेल्या मुलींसाठी बाबासाहेबांच्याही आधी आपल्यातून कोण झटले? उत्तर क्वचितच मिळते. ते नाव आहे शिवराम जानबा कांबळे.

त्यांचा जन्म १८७५ साली पुण्यात झाला. जोतीराव फुल्यांच्या विचारांचे संस्कार घेऊन ते समाजकार्यात उतरले आणि १ जुलै १९०८ रोजी त्यांनी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले. त्या काळी नवस फेडण्यासाठी मुलगी जेजुरीच्या खंडोबाला वाहत. तिच्या गळ्यात कवड्यांचा गाठा पडला, की तिचे लग्न देवाशी लागले असे मानत. मग तिला माणसाशी लग्न करता येत नसे, हक्काचे घर मिळत नसे. जागरणात गाणाऱ्या त्या मुरळीचा उपभोग गावातले पुरुष घेत आणि त्याला धर्माचा आधार देत. वाहिल्या जाणाऱ्या मुली बहुतेक अस्पृश्य समाजातल्या असत.

कांबळे यांनी मासिकातून या प्रथेवर कोरडे ओढले. त्याहून मोठे काम म्हणजे त्यांनी मुरळ्यांना स्वतः लिहिण्यासाठी जागा दिली. शिवूबाई नावाच्या मुरळीचे पत्र त्यांनी छापले. १९०९ मध्ये त्यांचे सहकारी गणपतराव गायकवाड यांनी शिवूबाईंशी लग्न केले. देवाची बायको मानलेल्या स्त्रीचा संसार समाजासमोर उभा राहिला. असे लग्न कायदेशीर मानणारा मुंबई प्रांताचा देवदासी कायदा त्यानंतर २५ वर्षांनी, १९३४ साली आला. आपला वऱ्हाड तेव्हा वेगळ्या प्रांतात असल्याने तो कायदा इथे लागू नव्हता.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या विजयस्तंभाला वंदन करण्यासाठी आले, त्या कार्यक्रमामागे कांबळेच होते. १९२९ च्या पर्वती सत्याग्रहातही ते आघाडीवर होते. १६ जून १९३६ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणींना ते जिणे सोडायला सांगितले, तेव्हा ही वाट बरीच आधी मळलेली होती. १९५६ ची धम्मदीक्षा पाहायला मात्र कांबळे हयात नव्हते.

त्या दीक्षेने आपल्या घरातून नवस आणि गाठा गेला. पण धर्म बदलला म्हणजे बाईचे शोषण आपोआप थांबले, असे आम्हाला कामात दिसत नाही. अत्याचार झालेली मुलगी आली, की आजही घराण्याच्या अब्रूचा विषय आधी निघतो आणि तिला गप्प केले जाते. तिसरे शील कामविषयक दुराचारापासून दूर राहायला सांगते. विहारात ते रोज म्हणणाऱ्या पुरुषांनी ते आधी स्वतःला लावावे.

कांबळे यांनी मुरळीला पापी ठरवले नाही, तिचे म्हणणे छापले आणि तिच्या घराची सोय पाहिली. गावोगावच्या विहारांत आठवड्यातून एक तास तरी बायकांचे ऐकण्यासाठी राखून ठेवावा. त्यांना अभिवादन करायचे तर इथून सुरुवात करू.

जय भीम! नमो बुद्धाय!