रक्ताच्या गुठळीचा माग काढणारा माणूस

सातव्या महिन्यातील गर्भवतीची डावी पोटरी एकाएकी सुजते, पाय जड होतो, चालताना दुखू लागते. गरोदरपणात पाय सुजायचेच, असे म्हणून घरातली मंडळी तिची समजूत घालतात. पण अनुभवी डॉक्टरांना तेवढ्याने स्वस्थ बसवत नाही. सूज एकाच पायाला आहे का, दम लागतो का, छातीत दुखते का, या आधी कधी गुठळी झाली होती का, अशी विचारपूस करून ते तिला तातडीने डॉपलर तपासणीला पाठवतात. पायातल्या तक्रारीसाठी छातीची चौकशी कशाला, असा प्रश्न त्या स्त्रीला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर एकोणिसाव्या शतकातील बर्लिनच्या शॅरिटे रुग्णालयातील शवविच्छेदनगृहात जावे लागते. तेथे पंचविशीही न ओलांडलेल्या एका तरुणाने हे कोडे सोडवले. त्याचे नाव रुडॉल्फ फिरखो.

फिरखो यांचा जन्म 13 ऑक्टोबर 1821 रोजी प्रशियातील पोमेरानिया प्रांतातल्या शिव्हेलबाइन या लहानशा गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडील शेती करत आणि गावाच्या खजिनदारीचे कामही पाहत. घरची सुबत्ता बेताचीच होती. हुशार मुलाने धर्मोपदेशक व्हावे असा विचार सुरुवातीला झाला होता, परंतु प्रवचनासाठी आपला आवाज पुरेसा भारदस्त नाही असे वाटून त्याने वैद्यकाची वाट धरली. 1839 मध्ये बर्लिनच्या फ्रेडरिक विल्हेल्म संस्थेत त्याला प्रवेश मिळाला. येथे शिक्षण विनामूल्य मिळे आणि त्याच्या बदल्यात लष्करात डॉक्टर म्हणून सेवा करावी लागे. 1843 मध्ये पदवी हाती आली आणि लवकरच हा तरुण शॅरिटे रुग्णालयात शवविच्छेदनाच्या कामावर रुजू झाला. विभागप्रमुख रॉबर्ट फ्रोरिप यांनी त्याला अभ्यासासाठी एक विषय दिला: शिरांचा दाह.

त्या काळी हा विषय साधा नव्हता. पॅरिसचे नामवंत विकृतिशास्त्रज्ञ जाँ क्रुव्हेल्ये यांचा दबदबा मोठा होता आणि बहुतेक सर्व आजारांच्या मुळाशी शिरांचा दाहच असतो असे त्यांचे प्रतिपादन होते. शिरेचे अस्तर सुजते आणि त्या सुजेतून रक्त गोठते, अशी त्यांची मांडणी होती. शवविच्छेदनात फुप्फुसाच्या रोहिणीत गुठळी सापडली, तर ती तेथेच, फुप्फुसातील दाहामुळे तयार झाली असे मानले जाई. बाळंतिणीच्या बाबतीत तर समजुती आणखी विलक्षण होत्या. बाळंतपणानंतर एखाद्या स्त्रीचा पाय पांढराफटक पडून सुजला, तर स्तनातून बाहेर न पडलेले दूध पायात उतरले असे पूर्वी मानले जाई. त्यावरून या आजाराला दुधाळ पाय असे नावच पडले होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही डॉक्टरांना अशा स्त्रियांच्या शिरांत गोठलेले रक्त दिसले होते. मात्र पाय सुजलेली बाळंतीण उठून बसता बसता अचानक गुदमरून का मरते, याचा उलगडा झाला नव्हता.

फिरखो यांनी गृहीतके बाजूला ठेवून डोळ्यांवर भरवसा ठेवला. मृतदेहाची तपासणी ते ठरावीक क्रमाने, एकही अवयव न वगळता करत. फुप्फुसात गुठळी आढळली की पाय आणि ओटीपोटातील शिराही ते उघडून पाहत. तेथेही वारंवार गुठळी मिळे. इतकेच नव्हे, तर शिरेतील गुठळीचे तुटके टोक आणि फुप्फुसात अडकलेला तुकडा एकमेकांशी जुळत. शिवाय फुप्फुसातील गुठळीभोवतीची रोहिणीची भिंत अनेकदा निरोगी असे. दाहातून गुठळी निर्माण झाली असती, तर भिंत आधी बिघडलेली दिसायला हवी होती. याचा अर्थ एकच होता: गुठळी पायात तयार होते, तिचा तुकडा निखळतो, रक्तप्रवाहाबरोबर हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे जातो आणि फुप्फुसातील रोहिणीत जाऊन अडकतो.

हा केवळ तर्क राहू नये म्हणून त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. मानेच्या शिरेतून रबराचे आणि गुठळीचे तुकडे आत सोडले आणि काही काळाने फुप्फुसे उघडून पाहिली. तुकडे नेमके तेथेच सापडले. जागच्या जागी रक्त गोठण्याला त्यांनी थ्रॉम्बोसिस आणि गुठळीने प्रवास करून दूर जाऊन अडकण्याला एम्बोलिझम ही नावे दिली. आज जगभरातील डॉक्टरांच्या तोंडी असलेले हे दोन्ही शब्द अशा रीतीने 1840च्या दशकात बर्लिनमध्ये रूढ झाले. गर्भवतीच्या सुजलेल्या पायाची चौकशी करताना डॉक्टर तिच्या श्वासाविषयी का विचारतात, याचे उत्तर याच शोधात आहे.

याच सुमारास त्यांच्या आयुष्याला दुसरी दिशाही मिळाली. 1848च्या प्रारंभी प्रशियाच्या सरकारने त्यांना अप्पर सायलेशियात पाठवले. तेथे टायफसची साथ आणि दुष्काळ यांनी पोलिश भाषक गरिबांचे बळी घेतले होते. सुमारे तीन आठवडे हिंडून त्यांनी जो अहवाल लिहिला, तो सरकारला रुचणारा नव्हता. औषधांच्या यादीऐवजी त्यात लोकशाही, शिक्षण, रस्ते, शेतीसुधारणा आणि लोकांच्या भाषेत कारभार यांची मागणी होती. आजार शरीरात दिसत असला तरी त्याची मुळे समाजात असतात, हा विचार त्यांनी पुढे जन्मभर सांगितला. बर्लिनला परतल्यावर मार्च 1848च्या क्रांतीत ते स्वतः रस्त्यावरच्या मोर्चेबंदीत उतरले. याची किंमत मोजावी लागणे अटळ होते. 1849 मध्ये त्यांना शॅरिटेतील जागा सोडावी लागली आणि ते बव्हेरियातील व्युर्त्सबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले.

1850 मध्ये बर्लिनचे नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ कार्ल मायर यांची कन्या रोझ हिच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना सहा अपत्ये झाली. प्रसूतीशास्त्र हा त्यांचा व्यवसाय नव्हता, पण बाळंतिणींच्या आजारांतील रक्ताच्या गुठळ्या त्यांच्या अभ्यासाचा भाग होत्या. गुठळ्या उजव्यापेक्षा डाव्या पायात अधिक का होतात, याचाही त्यांनी विचार केला. पायाकडून येणारी डावी मोठी शीर ओटीपोटात उजव्या रोहिणीखालून जाते आणि तेथे ती दबते, हे त्यांनी ओळखले होते. वाढत्या गर्भाशयाचा भार त्यात मिसळला की हा दाब आणखी वाढतो. गरोदरपणातील गुठळ्या आजही बहुतेक वेळा डाव्याच पायात आढळतात.

1856 मध्ये बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलावले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या संकलित निबंधांत गुठळीविषयीचे त्यांचे संशोधन एकत्र वाचायला मिळाले. रक्त कशामुळे गोठते, याची तीन कारणे आज वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला फिरखोंच्या नावाने शिकवली जातात: प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताचीच गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. फिरखोंनी या तिन्ही गोष्टींची चर्चा केली होती; मात्र त्यांना एका सूत्रात गुंफून त्याला त्यांचे नाव पुढच्या पिढ्यांनी दिले.

ही तिन्ही कारणे एकत्र पाहायची असतील तर गरोदर स्त्रीचे शरीर पाहावे. गर्भाशय वाढते तसा ओटीपोटातील शिरांवर दाब येतो, संप्रेरकांमुळे शिरा सैलावतात आणि पायांतील रक्त संथ होते. प्रसूतीच्या वेळी होणारा रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून निसर्ग आधीपासूनच रक्त गोठवणारी द्रव्ये वाढवतो आणि गोठणे रोखणारी काही द्रव्ये घटवतो. प्रत्यक्ष प्रसूतीत, विशेषतः शस्त्रक्रियेत, रक्तवाहिन्यांना इजा पोहोचते. आईला रक्तस्रावापासून वाचवणारी योजनाच अशा रीतीने गुठळीचा धोका निर्माण करते. इतर वेळेच्या तुलनेत हा धोका गरोदरपणात चार ते पाच पटींनी वाढतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो सर्वाधिक असतो. आपल्याकडच्या सव्वा महिन्याच्या विश्रांतीप्रमाणे युरोपातही बाळंतिणीला दीर्घकाळ अंथरुणाला खिळवून ठेवण्याची पद्धत होती. फिरखोंच्या सूत्राच्या कसोटीवर ती उतरत नाही. म्हणूनच बाळंतिणीने शक्य तितक्या लवकर उठून चालावे, असे आज सांगितले जाते.

1858 मध्ये त्यांनी पेशींवर आधारलेल्या विकृतिशास्त्राची व्याख्याने दिली. प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीतूनच जन्माला येते आणि आजाराचे घर पेशीतच असते, या विचाराने वैद्यकाचा पायाच बदलला. कीर्ती शिखरावर पोहोचली; पण कीर्तीबरोबर अधिकारही आला आणि त्या अधिकाराची एक काळी बाजू माता-आरोग्याच्या इतिहासात नोंदली गेली. व्हिएन्नामध्ये 1847 साली इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त पाण्याने हात धुवायला लावून बाळंतज्वराचे मृत्यू झपाट्याने कमी केले होते. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात जाणाऱ्यांचे हातच आजार पोहोचवतात, असे त्यांचे म्हणणे होते. फिरखोंनी या विचाराला दीर्घकाळ मान्यता दिली नाही. जर्मन वैद्यकात त्यांच्या शब्दाला जे वजन होते, ते पाहता या नकाराचे मोल बाळंतिणींनी मोजले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. सेमेलवाइस 1865 मध्ये मनोरुग्णालयात मरण पावले. शरीरातल्या शरीरात गुठळीचा प्रवास ज्याने अचूक ओळखला, त्याला शवविच्छेदनाच्या टेबलावरून प्रसूतेच्या खाटेपर्यंत होणारा दुसरा प्रवास दिसला नाही. पुढे जंतुसिद्धांताविषयीही ते बराच काळ साशंक राहिले.

मात्र त्यांचे मोठेपण एवढ्या चुकीने झाकोळत नाही. 1859 मध्ये ते बर्लिनच्या नगरसभेवर निवडून आले आणि मृत्यूपर्यंत तेथे राहिले. शहराची सांडपाण्याची व्यवस्था, नवी रुग्णालये, मांसाची तपासणी या सर्वांसाठी ते झटले. जेम्स होब्रेख्ट यांच्या आराखड्याप्रमाणे उभी राहिलेली गटारव्यवस्था त्यांच्या पाठिंब्याशिवाय झाली नसती. प्रशियाच्या विधिमंडळात ते बिस्मार्क यांचे कडवे विरोधक होते. 1865 मध्ये संतापलेल्या बिस्मार्क यांनी त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. फिरखोंनी ते नाकारले. 1880 ते 1893 या काळात ते राइशस्टागचे सदस्य होते. मानववंशशास्त्रातही त्यांनी मोठे काम केले. लाखो जर्मन शाळकरी मुलांच्या केसांचा आणि डोळ्यांचा रंग नोंदवून त्यांनी शुद्ध जर्मन वंशाची कल्पना निराधार असल्याचे दाखवून दिले. 1879 मध्ये श्लीमान यांच्यासोबत ते ट्रॉयच्या उत्खननावरही गेले.

जानेवारी 1902 मध्ये ऐंशी वर्षांचे फिरखो बर्लिनमध्ये चालत्या ट्राममधून उतरताना पडले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. ज्याने आयुष्यभर स्वस्थ बसणे जाणले नाही, तो माणूस अंथरुणाला खिळला. 5 सप्टेंबर 1902 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या काळात निदानाची भिस्त शवविच्छेदनावर होती. गुठळी ओळखता आली तरी आईला वाचवण्याचा उपाय हाती नव्हता. 1916 मध्ये हेपॅरिनचा शोध लागला आणि पुढे ते उपचारात आले. हे औषध वार ओलांडून गर्भापर्यंत जात नाही, म्हणून गर्भवतीसाठी ते आधारस्तंभ ठरले. गर्भाला धोका असल्याने वॉरफरिनसारखी औषधे गरोदरपणात सहसा टाळली जातात. गुठळीचा दाट संशय असेल आणि रक्तस्रावाचा धोका नसेल, तर तपासणीचा निकाल येण्याआधीच उपचार सुरू केले जातात. कारण निदान चुकले तर औषध थांबवता येते. निसटलेली गुठळी मात्र परत बोलावता येत नाही. एका पायाला अचानक आलेली सूज, पोटरीतले दुखणे, धाप, छातीतली कळ किंवा थुंकीतून रक्त यांपैकी काहीही जाणवले, तर गरोदरपणाचेच हे लक्षण असे म्हणून वाट पाहू नये, हा त्या संशोधनाचा आजच्या घरांपर्यंत पोहोचलेला अर्थ आहे.

बर्लिनच्या त्या शवविच्छेदनगृहात फिरखोंसमोर आलेल्या स्त्रियांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. त्यांच्यापैकी कोणालाही त्या ज्ञानाचा लाभ झाला नाही. डॉपलरच्या पडद्यावर शिरेतून मोकळे वाहणारे रक्त पाहून जी गर्भवती आज निर्धास्त होऊन घरी परतते, किंवा वेळेवर मिळालेल्या इंजेक्शनामुळे बाळाला कुशीत घेऊन रुग्णालयातून बाहेर पडते, ती त्या अनाम स्त्रियांचीही ऋणी आहे.