वेरूळला क्रमांक देणारा गणितशिक्षक

वेरूळला जाणारा प्रवासी सोळा क्रमांकाचे लेणे विचारतो. त्याला कैलास पाहावयाचा असतो. गावकरी ज्याला सुताराची झोपडी म्हणतात, ते पुस्तकात लेणे क्रमांक दहा असते. हे क्रमांक कोणा राष्ट्रकूट राजाने घातलेले नाहीत. ते रूढ झाले जेम्स बर्जेस यांच्या ग्रंथांतून, आणि बर्जेस हे मूळचे गणिताचे शिक्षक होते.

स्कॉटलंडमधील डम्फ्रीस परगण्यात १८३२ साली त्यांचा जन्म झाला. १८५५ मध्ये ते कलकत्त्याच्या डव्हटन कॉलेजात गणित शिकवावयास आले. १८६१ मध्ये मुंबईतील जमशेटजी जीजीभाई यांच्या नावाच्या पारशी शिक्षणसंस्थेचे ते प्रमुख झाले. शाळा सांभाळून त्यांनी जुन्या देवळांचा अभ्यास आरंभिला. १८७१ मध्ये घारापुरीवर त्यांचे पुस्तक निघाले आणि १८७२ मध्ये त्यांनी ‘इंडियन अँटिक्वेरी’ हे मासिक सुरू केले. पुढे १८७४ च्या सुमारास पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचे काम त्यांच्याकडे आले.

वेरूळ त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. बर्जेस यांनी लेण्यांचे आराखडे काढविले, खांबांची व दालनांची मापे घेतली, मूर्तींची वर्णने लिहिली. १८८० मध्ये फर्ग्युसन यांच्यासह लेण्यांवरचा मोठा ग्रंथ आणि १८८३ मध्ये वेरूळचा स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध झाला. बरोबर शंभर वर्षांनी, १९८३ साली, वेरूळ जागतिक वारसा ठरले.

हे यश एकट्याचे नव्हते. ज्यांना येथील लिपी व भाषा घरच्या होत्या, त्या विद्वानांवाचून हे काम पुढे सरकले नसते. पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांवरील १८८१ च्या ग्रंथावर बर्जेस यांच्याबरोबर पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे नाव आहे, हे आवर्जून नमूद केले पाहिजे.

क्रमांकांच्या मर्यादाही ओळखाव्यात. एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू आणि तीस ते चौतीस जैन हा क्रम डोंगराच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो. तो काळाचा क्रम नव्हे. बर्जेस यांनी बौद्ध लेणी आधीची मानली होती. पुढील अभ्यासकांनी एकविसावे रामेश्वर लेणे आणि आणखी काही हिंदू लेणी बौद्ध लेण्यांच्याही आधी, सहाव्या शतकात नेली. शिवाय डोंगरात चौतिसांखेरीज इतरही लहानमोठी लेणी आहेत. तथापि बर्जेस यांचा निष्कर्ष मागे पडला तरी त्यांची मापे मागे पडली नाहीत. नव्या अभ्यासकांना वाद घालावयास तीच पायाभूत ठरली.

१८८६ मध्ये ते पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. कोरीव लेखांसाठी ‘एपिग्राफिया इंडिका’ हे प्रकाशन त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाले. १८८९ मध्ये ते निवृत्त होताच सरकारने काटकसर म्हणून ते पदच रिकामे ठेवले. १९०२ मध्ये जॉन मार्शल येईपर्यंत, म्हणजे सुमारे तेरा वर्षे, साऱ्या देशाच्या पुरातत्त्वाला प्रमुख नव्हता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा हिशेब जरूर मांडून पाहावा. वाचलेला पगार अंदाजपत्रकात दिसतो. त्या वर्षांत न झालेली नोंद आणि न घेतलेले माप कोणत्याच खात्यात दिसत नाही. पडलेली भिंत पुन्हा उभारता येते, पण तिचे मूळचे माप लिहून ठेवलेले नसेल तर ती कशी होती हे सांगणार कोण?

मायदेशी परतल्यावर बर्जेस पुन्हा गणिताकडे वळले. संभाव्यतेच्या शास्त्रात उपयोगी पडणारी विस्तृत कोष्टके त्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केली. १९१६ मध्ये एडिंबरो येथे त्यांचे निधन झाले.

कैलास घडविणाऱ्या शिल्पकारांची नावे आपणास ठाऊक नाहीत. त्यांचे काम मोजणाऱ्याचे नाव ठाऊक आहे, पण ते आपण घेत नाही. आपल्या गावातले जुने देऊळ, बारव, वेशीतला शिलालेख यांची मापे एखाद्या शाळेने वहीत उतरवून ठेवली, तर त्यासाठी ना मोठे अनुदान लागेल ना नवे पद. वेरूळच्या या गणितशिक्षकाचे ऋण फेडण्याचा तोच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ मार्ग होय.