पेशीविभाजनाचा वेध घेणारे स्ट्रासबर्गर

डबक्यात तरंगणारे हिरवे शेवाळ आणि अंगणातील डेरेदार वृक्ष यांच्यात काही नाते असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. हे नाते उलगडण्यास ज्या संशोधनाचा आधार मिळाला, त्यात एदुआर्द स्ट्रासबर्गर या वनस्पतिशास्त्रज्ञाचा वाटा मोठा आहे.

स्ट्रासबर्गर यांचा जन्म १ फेब्रुवारी १८४४ रोजी रशियन अमलाखालील वॉर्सा शहरात झाला. पॅरिस, बॉन आणि येना येथे त्यांचे शिक्षण झाले. डार्विनच्या उत्क्रांतिवादाचे खंदे पुरस्कर्ते अर्न्स्ट हेकेल तेव्हा येना विद्यापीठात होते. त्यांच्याच पुढाकाराने १८६९ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, स्ट्रासबर्गर तेथे प्राध्यापक झाले.

१८७५ मध्ये पेशींची निर्मिती व विभाजन यांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या परिचयाचे स्पायरोगायरा हे शैवाल त्यांच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय होते. या शैवालाच्या पेशीत नवी भित्तिका कडेकडून आत वाढत जाते. उच्च वनस्पतींत मात्र ती मधोमध सुरू होऊन कडांकडे पसरते. हा फरक त्यांनी बारकाईने नोंदविला. केंद्रकाविषयी मात्र त्यांची चूक झाली. काही ठिकाणी केंद्रक पेशीद्रव्यातून नव्यानेच तयार होते, असे त्यांनी प्रतिपादन केले होते. पुढील निरीक्षणांनी ते खोटे ठरताच त्यांनी आपल्या मताला चिकटून न राहता १८८० च्या तिसऱ्या आवृत्तीत ते मागे घेतले. केंद्रक केवळ आधीच्या केंद्रकाच्या विभाजनातूनच जन्मते, हा सिद्धान्त त्यांनी मांडला. तो आजही अबाधित आहे.

१८८१ मध्ये ते बॉन येथे गेले आणि अखेरपर्यंत तेथेच रमले. सपुष्प वनस्पतींत फलन म्हणजे दोन केंद्रकांचे मीलन होय, हे त्यांनी १८८४ मध्ये दाखविले. प्रोफेज, मेटाफेज ही विभाजनाच्या टप्प्यांची नावेही त्यांचीच. तीन सहकाऱ्यांसह १८९४ मध्ये लिहिलेले त्यांचे पाठ्यपुस्तक पुढे अनेक पिढ्यांनी सुधारून वापरले. मे १९१२ मध्ये बॉन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निरीक्षणांचे मोल पुढे अधिकच वाढले. १९६० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्पायरोगायराची पुन्हा तपासणी झाली. भित्तिका कडेकडून आत येते खरी. पण अखेरच्या टप्प्यात मध्यभागी सूक्ष्मनलिकांची एक छोटी रचना दिसते, असे आढळले. भूवनस्पतींत नवी भित्तिका अशाच रचनेच्या साहाय्याने उभी राहते. क्लॅमिडोमोनास आदी अन्य हरित शैवालांत मात्र या नलिकांची मांडणी निराळी असते. पुढे २०१४ मध्ये जनुकांच्या व्यापक तुलनेतून स्पायरोगायराचा गटच भूवनस्पतींचा सर्वांत जवळचा आप्त असल्याचे संकेत मिळाले. स्ट्रासबर्गर यांनी ज्या शेवाळावर दृष्टी खिळविली होती, तेच वृक्षवेलींचे जवळचे नातलग ठरले.